वाढपी

वाढपी ओळखीचा असला की शेवटच्या पंगतीत बसलं तरी बिघडत नाही, असं माझे आजोबा म्हणायचे. ओळख असूनही बिघडू शकतं, हे मला सांगलीच्या वसतिगृहात कळलं. २०११ साल, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, गणपतीचा महाप्रसाद. जिलेबीची परात घेऊन आमच्याच मजल्यावरचा एक किडकिडीत मुलगा ओळीनं येत होता. प्रत्येकाच्या पानात तीन जिलेब्या. माझ्या पानात एक. मी वर पाहिलं. "तुझी वर्गणी वीसच आलीय ना," तो म्हणाला आणि पुढच्या पानाकडे वळला. इतक्या मवाळ आवाजात माझा तोवर कुणी अपमान केला नव्हता.

तेव्हापासून त्याचं नाव वाढपी. खरं नाव हजेरीपटात राहिलं आणि आता त्याच्या बायकोच्या तोंडी आहे. त्याच वर्षी जूनमध्ये 'टीम फोर्ट्रेस टू' हा २००७ सालचा गेम फुकट झाला होता. दिवाळीच्या आत तो आमच्या मजल्यावरच्या सगळ्या कॉम्प्युटरांत पोचला, आणि महाप्रसादाला पडलेलं नाव किती चपखल आहे ते तिथं कळलं. गेली चौदा-पंधरा वर्षं हा माणूस हातात काही ना काही औषध घेऊन माझ्या पाठीमागे उभा आहे.

ज्यांच्या घरात रात्री हेडफोन लावून भिंतीशी भांडणारं कुणी नाही, त्यांना दोन शब्द सांगायला हवेत. या गेमांत दोन संघ असतात आणि नकाशावरच्या एखाद्या जागेसाठी गोळीबार चालतो. संघात काही मारणारे असतात. एखादा धिप्पाड गडी पुढे उभा राहून मार खातो, त्याला टँक म्हणतात. आणि एकजण मागे राहून या सगळ्यांना जिवंत ठेवतो. तो हीलर. मारणारा व्हायला सगळे तयार असतात. मार खाणाराही शोधला तर सापडतो. हीलर म्हटलं की सोसायटीच्या वार्षिक सभेत सचिवपदाचा विषय निघावा तशी शांतता पसरते. कुणाला फोन येतो, कुणाचं दूध उतू जातं.

या शांततेत वाढपी एक सुस्कारा सोडतो. "बरं, मी घेतो," म्हणतो. हा सुस्कारा मी हजारो वेळा ऐकलाय आणि त्याबद्दल माझं एक निरीक्षण आहे. सुस्कारा सोडायच्या आधीच त्यानं हीलर निवडलेला असतो. पडद्यावर दिसतं ना ते. निवड होऊन पाच सेकंदं झालेली असतात, मग सुस्कारा येतो. ती पावती आहे. नंतर कधीतरी वटवायची.

ही जात जुनी आहे. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या काही पोरांनी 'क्वेक' या गेमवर 'टीम फोर्ट्रेस' नावाचं कलम केलं, त्यातच मेडिक होता. त्याच्या औषधाची गंमत अशी की आपल्या माणसाला लावलं तर बरं वाटायचं आणि शत्रूला लावलं तर रोग व्हायचा. हात एकच, औषध एकच, समोरचा कोण ते पाहायचं. वाढपीला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग बरोबरच आहे की."

वसतिगृहात आलेल्या दुसऱ्या भागात नऊ प्रकारचे गडी होते. त्यातला मेडिक म्हणजे एक जर्मन डॉक्टर. त्याचा डॉक्टरकीचा परवाना गेलेला आहे, आणि ऑपरेशन चालू असताना त्याची कबुतरं खोलीभर फिरत असतात. याच्या बंदुकीतून औषधाचा झोत निघतो. एकदा कुणाच्या अंगाला लागला की तो वळत-वाकत त्याच्या मागे जातो, पुन्हा नेम धरायची गरज नाही. मी हेवी व्हायचो: ३०० ताकदीचा, हातात फिरती मशीनगन, चाल म्हशीची. मागे मेडिक असला की ३०० चे ४५० होतात. वर एक बक्षीस असतं. जखमी माणसाला तो सतत झोत देत राहिला तर साधारण ४० सेकंदांत एक चार्ज भरतो आणि तो सोडला की ८ सेकंद दोघंही अमर. पुढून रॉकेट येवो, तोफ येवो, काही होत नाही. मात्र चार्ज भरता भरता मेडिक मेला तर सगळं शून्य. पुन्हा पहिल्यापासून.

एका रात्री वाढपीचा चार्ज ९८ वर होता. "भिंतीमागे बस," तो म्हणाला, "दोन टक्के राहिलेत." मला समोर शत्रूचा एक गडी पाठमोरा दिसला. आता पाठमोरा माणूस बघून बाहेर पडणार नाही असा हेवी मी तरी पाहिलेला नाही. मी बाहेर पडलो, तो माझ्यामागे आला, आणि तिथे चौघे उभे होते. आम्ही दोघं गेलो, त्याच्यासोबत ते ९८ टक्केही गेले. पुढचे दोन दिवस मेसमध्ये तो माझ्याशी बोलला नाही. आमटी मात्र वाढत होता. माझ्या वाटीत येईल ती फक्त वरची, पातळ.

कॉलेज संपलं, सगळे पुण्यात आलो. वाढपीला एका आरोग्यविमा कंपनीत नोकरी लागली, आणि हे मी विनोदासाठी रचलेलं नाही. दिवसभर त्याच्यासमोर लोकांचे मोतीबिंदू, डेंग्यू, पित्ताशयाचे खडे यांच्या फायली येतात आणि कोणत्या कलमाखाली पैसे देता येणार नाहीत ते तो शोधून काढतो. माणूस पापभीरू आहे. एखादा क्लेम नाकारला की त्या रात्री त्याचं हीलिंग वाढतं, असा माझा अंदाज आहे, विचारायची हिंमत केलेली नाही. पण दिवसाची भाषा रात्रीही त्याच्या तोंडात राहते. मी भलत्याच गल्लीत शिरून अर्धमेला झालो आणि ओरडलो की हेडफोनमध्ये तो मवाळ आवाज येतो: "बसत नाही. तू स्वतःहून गेलास तिकडे." नेम चुकला म्हणून मेलो तर, "हा तुझा आधीपासूनचा आजार आहे. प्री-एक्झिस्टिंग. कव्हर नाही." मेलेल्याला उठवायची विद्या एकदा वापरली की ती काही सेकंद चालत नाही. त्या काळात कुणी हाक मारली तर, "वेटिंग पीरियड चालू आहे."

ही मेलेल्याला उठवायची विद्या मर्सीची. मे २०१६ मध्ये 'ओव्हरवॉच' आलं, पगारातून विकत घेतलेला आमचा पहिला गेम. २१ पात्रं, सहा विरुद्ध सहा. मर्सी म्हणजे पाठीला पंख लावलेली एक स्विस डॉक्टरीण. हातात दंड. त्यातून पिवळा झोत सोडला की जखम भरते, निळा सोडला की समोरच्याचा मारा वाढतो. ब्राझीलचा एक गडी गाणी वाजवून लोकांना बरं करतो. नेपाळात राहणारा एक यंत्रमानव भिक्षू सोन्याचा गोळा डोक्यावर तरंगत ठेवतो. हीलरांच्याच रांगेत भारताची एक बाईही उभी होती, सिमेट्रा. तिचा आम्हाला कोण अभिमान! पण या बाई कुणाला औषधाचा थेंब द्यायच्या नाहीत. अंगावर एक कवच चढवून द्यायच्या, ये-जा करायला एक दार उघडून द्यायच्या, की संपलं. हीलरच्या हुद्द्यावर राहून औषध न देणं हे फार ओळखीचं वाटायचं. २०१८ मध्ये त्यांची मारणाऱ्यांत बदली झाली.

वाढपीनं मर्सीला पाहिलं आणि त्याला आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. सुरुवातीला तिची सगळ्यात मोठी विद्या अशी होती की जवळपास जेवढे सहकारी मरून पडलेत ते सगळे एका हाकेत उठायचे. याचा परिणाम वाढपीच्या स्वभावावर फार वाईट झाला. आम्ही कड्यावर जीव तोडून लढतोय, एकेक पडतोय, आणि हा मागच्या कोपऱ्यात भिंतीआड दडून बसलाय. "अरे हील दे!" म्हटलं तर म्हणायचा, "मरा." हो, असंच. "सगळे मरा, एका जागी मरा, सुटे सुटे मरू नका. एकदम उठवतो." मग आम्ही पाचही जण मेल्यावर हा उडत यायचा, हात पसरायचा आणि आम्ही फटाफट उभे. त्या क्षणी त्याच्या आवाजात जे समाधान असायचं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलेलं नाही. जगभरचे बरेच मर्सीवाले हेच करत होते, आणि समोरच्या संघांना याचा कंटाळा आला होता. सप्टेंबर २०१७ मध्ये गेम करणाऱ्यांनी ती विद्या काढून घेतली. आता एका वेळी एकच माणूस उठतो. वाढपीनं सुतक पाळलं. तेरा दिवस लॉगिन केलं नाही.

तोपर्यंत मी त्याला एक टोमणा मारायचो: "तुझं काय, तुला नेम धरावा लागत नाही." त्याला तो टोमणा लागायचा. म्हणून तो ॲनाकडे वळला. ही इजिप्तची साठीतली बाई, लेक वयात आलेली, हातात दुर्बिणीची रायफल. ही आपल्या माणसांना बरं करते ते त्यांना गोळी घालून. होय, औषधाची गोळी, पण गोळीच. लांबून नेम धरून मारावी लागते. आणि आम्ही कुठे एका जागी थांबणारे? मी तेव्हा गेंजी खेळायला लागलो होतो. हा निन्जा भिंतीवर चढतो, हवेत दोनदा उडी मारतो, आणि माझ्या हातात असला तर लगेच मरतो. "हलू नकोस रे," वाढपी ओरडायचा, "इंजेक्शन देतोय!" दवाखान्यात आई पोराला दोन्ही गुडघ्यांत धरून बसते ना, तसं धरायला कुणीतरी हवं होतं मला. त्याच्या दहातल्या सहा गोळ्या माझ्या आजूबाजूच्या भिंतींना लागायच्या. त्या भिंतींची तब्येत त्या वर्षी उत्तम होती.

आता हाक मारायच्या बटणाबद्दल. प्रत्येक खेळाडूला एक बटण दिलेलं असतं, ते दाबलं की त्याचं पात्र "हील हवंय" म्हणून ओरडतं. टीम फोर्ट्रेसमध्ये ते 'ई' वर होतं आणि "मेडिक!" अशी बोंब उठायची. हे बटण म्हणजे माणसाची परीक्षा आहे. लिफ्ट येत असताना तिचं बटण पुन्हा पुन्हा दाबणारे लोक हेही तसंच दाबतात. पूर्ण बरा असलेला माणूस दाबतो, उगीच, आठवण म्हणून. वाढपीपासून दोन गल्ल्या लांब, शत्रूच्या घरात शिरलेला माणूस दाबतो. आणि सगळ्यात जास्त दाबतो तो मेलेला माणूस, मरायच्या अर्ध्या सेकंदाआधी, म्हणजे दोष कुणाचा ते नोंदलं जावं. "दिसतंय मला," वाढपी म्हणतो. "भिंतीपलीकडे वाढता येत नाही. पानावर येऊन बस."

त्याचं उत्तर असं सौम्य असतं, पण तो हिशेब ठेवतो. माझं पक्कं मत आहे की हीलर परोपकारी असतो ही अफवा आहे, आणि ती हीलरांनीच उठवलेली आहे. परोपकारी माणूस आकडे पाठ ठेवत नाही. जुन्या ओव्हरवॉचमध्ये सोनं, चांदी, काशाची पदकं असायची. वाढपी अभिमानानं सांगायचा, "हीलिंगमध्ये गोल्ड." संघात हीलर तो एकटाच असायचा. एका विद्यार्थ्याच्या वर्गात पहिला आलेला माणूस पेढे वाटत नाही, पण याला ते कोण सांगणार! ऑक्टोबर २०२२ मध्ये 'ओव्हरवॉच टू' आलं, पदकं गेली आणि सरळ आकड्यांचा तक्ता आला. तेव्हापासून कुठल्याही भांडणाला त्याचं उत्तर एकच: "तक्ता बघ." हरलो कसे? तक्ता बघ. तू मला का उठवलं नाहीस? तक्ता बघ. एकदा मी त्याला विचारलं की शनिवारी भेळ खायला भेटायचंय का, तर म्हणाला, "बघू." मी मनात पुढचा शब्द जोडून घेतला.

आणि शिक्षाही तो देतो. त्याला फक्त एक सेकंद उशीर करायचा असतो. तो सेकंद कुठल्याही तक्त्यात दिसत नाही. मी दुपारी चारचौघांत त्याच्या केसांवरून विनोद केला असेल, तर रात्री साडेअकराला माझी ताकद दहावर आलेली असताना तो पिवळा झोत एका सेकंदानं उशिरा येतो. "अरेरे," तो म्हणतो. "आत्ता येतच होतो."

आमच्यातली टँक आहे ती बॅचमधली एकटी मुलगी. आता नाशिकला असते, दोन पोरांची आई, पोरं झोपली की ऑनलाइन येते. ती राइनहार्ट खेळते. हा सात फुटांवरचा जर्मन म्हातारा, अंगात चिलखत, एका हातात ढाल, दुसऱ्यात घण. दिवसभर पोरांवर न ओरडलेलं सगळं ती त्या घणात घालते. कधी कधी धाव घेताना कड्यावरून सरळ खाली जाते, पण जाताना शत्रूचा एखादा तरी सोबत नेते. अनोळखी लोक संघात आले आणि माइकवर तिचा आवाज ऐकला की हमखास कुणीतरी म्हणतो, "तू हीलर घे ना." 'व्हॅलोरंट' २०२० मध्ये आलं, मुंबईतल्या सर्व्हरमुळे आपल्याकडे फार चाललं, तिथेही हेच. मुलीचा आवाज आला की "सेज घे," कारण सेज बरं करते. म्हणजे स्वयंपाकघर इथेही मांडून ठेवलेलंच. ती बिचारी काही बोलायच्या आत वाढपी खवळतो. आम्हाला वाटायचं तिच्या बाजूनं बोलतोय. नीट ऐकलं तेव्हा कळलं, तो म्हणत असतो, "हीलर मी आहे. माझी जागा तिला कशाला देतोस?"

हीलरच्या नशिबात टाळ्या नाहीत, हे खरं आहे. सामना संपला की त्यातला सर्वांत देखणा क्षण सगळ्यांना दाखवतात. एकदा माझा दाखवला. मी गेंजी, तलवार उपसून तिघांना कापतोय, नाशिकहून शिट्टी आली, मी खुर्चीतून उठलो. वाढपी काही बोलला नाही. नंतर मी तो भाग जतन करून दहा वेळा पाहिला. सहाव्या वेळी मला दिसलं की माझ्या पाठीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक दोर जोडलेला आहे. आधी निळा, मग पिवळा, मग पुन्हा निळा. दोराचं दुसरं टोक पडद्याबाहेर होतं. बाकीच्या चार वेळा मी तो दोरच पाहिला. त्याला हे सांगितलं नाही. वर्गणी मागितली असती.

त्याचीही एक विजयगाथा आहे. मर्सीकडे एक पिस्तूल असतं. शोभेचं म्हणावं इतपतच. एका रात्री आम्ही सगळे मेलेलो, समोर शत्रूचा एकजण उरलेला, तोही अर्धमेला, आणि वाढपीनं दंड खाली ठेवून पिस्तूल काढलं. ते सहा सेकंदांचं युद्ध मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता शत्रूच्या मनातले विचारही मला माहीत आहेत. पुढचे तीन आठवडे तो हीलिंग विसरला. आम्ही मरतोय आणि वाढपी कोपऱ्यात पिस्तूल चालवतोय. पंगतीतल्या वाढप्याला कुणीतरी एकदा म्हणावं, तू गातोस छान, आणि भात तसाच राहावा, तशी गत झाली.

२०१९ पासून ओव्हरवॉचमध्ये खेळायच्या आधीच हुद्दा ठरवून रांगेत उभं राहावं लागतं. आता पाचजणांत एक टँक, दोन मारणारे, दोन हीलर. किती वेळ थांबावं लागेल तेही दाखवतात, आणि मारणाऱ्यांची रांग रेशनच्या रॉकेलला असायची तशी असते. 'मार्व्हल रायव्हल्स' डिसेंबर २०२४ मध्ये आलं, तिथे असं बंधन नाही. आम्ही उत्साहानं गेलो. संघातले सगळे अनोळखी लोक मारणारे व्हायचे, कुणी हलायचं नाही, आणि वाढपी जेफ नावाचं शार्कचं पिल्लू घेऊन एकटा सगळ्यांच्या मागे पळायचा. हे पिल्लू पाण्याची चूळ मारून लोकांना बरं करतं, आणि चिडलं की समोरच्यांना गिळून दरीत नेऊन थुंकतं. वाढपीला ते मनापासून आवडलं. मलाही गिळता येतं का, हे त्यानं पहिल्याच दिवशी तपासून पाहिलं. येतं. महिन्याभरात आम्ही परत आलो.

तर या पावसाळ्यातली गोष्ट. ओळीनं चार सामने हरलो होतो. बाहेर पाणी, इंटरनेट लंगडत होतं, आणि माझ्या तोंडून गेलं, "तू काय रे, नुसतं बटण धरून बसतोस. आम्ही मरतो इथे." नाशिकहून काहीच आवाज आला नाही. वाढपी म्हणाला, "ठीक आहे. आज तू वाढ." आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं सुस्कारा न सोडता मारणाऱ्यांच्या रांगेत नाव घातलं. आम्ही नऊ मिनिटं थांबलो. रांगेत कुणी कुणाशी बोललं नाही.

मी मर्सी घेतली, कारण तिला नेम लागत नाही. खेळ सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं की मला खेळ दिसतच नाहीये. मला पाठी दिसतायत. राइनहार्टची चिलखती पाठ, अनोळखी माणसाची पाठ, आणि भिंतीपलीकडे, दिसू नये तिथे, डोक्यावर ताकदीची पट्टी घेऊन पळणारा एक गेंजी. हो, त्यानं माझाच गेंजी घेतला होता. आणि तो खेळतही माझ्यासारखाच होता. एकटाच शत्रूच्या मागे गेला, दोनदा उडी मारली, मेला. परत आला, गेला, मेला. "हील हवंय." "हील हवंय." मी मोजले, एका सामन्यात बावीस वेळा. जो माणूस पंधरा वर्षं त्या बटणाला शिव्या घालत होता त्याला ते एका रात्रीत सापडलं.

"दिसतंय मला," मी म्हणालो. माझाच आवाज मला मवाळ वाटला.

इकडे त्या अनोळखी माणसाला मी पहिल्यांदा बरं केलं तेव्हा त्यानं "थँक्स"चं बटण दाबलं. दुसऱ्यांदाही दाबलं. तिसऱ्यांदा त्याच्या अंगावर ओरखडा नसताना मी त्याच्यामागे उभा होतो. असा सज्जन माणूस. त्याच्या पाठीला मी तो दोर बांधला आणि सोडायची इच्छाच होईना. निळा, पिवळा, निळा. शेवटच्या मिनिटाला गेंजी आमच्यापासून दोन हातांवर, अगदी डोळ्यांसमोर, पानावर येऊन बसल्यासारखा उभा होता. त्याची पट्टी लाल झालेली.

"अरे, त्याला खरचटलंय नुसतं!" वाढपी किंचाळला. "मी मरतोय!"

"तुझी वर्गणी," मी म्हणालो, "वीसच आलीय ना."

तो मेला. हेडफोनमध्ये काही सेकंद फक्त पावसाचा आवाज होता. मग नाशिकची बाई हसायला लागली. ती इतकी हसली की पोरगं उठलं आणि तिला जावं लागलं.

दुसऱ्या रात्री तो वेळेआधी आला आणि त्यानं हीलरच्या रांगेत नाव घातलं. मीही घातलं होतं. "माझी जागा दे," तो म्हणाला. मी म्हटलं, हीलर दोन असतात. तो म्हणाला, ते अनोळखी लोकांसाठी. यावर आमचं पाऊण तास भांडण झालं, त्यात सांगलीची जिलेबी, ते ९८ टक्के, सगळं निघालं. शेवटी नाशिकनं निकाल दिला: दोघंही हीलर राहा, पण आपसात आकडे बोलायचे नाहीत. तक्ता झाकून ठेवलाय असं समजायचं.

तर आता आमच्याकडे एक टँक आहे, दोन हीलर आहेत, आणि मारणाऱ्यांच्या दोन जागा रिकाम्या आहेत. वेळ रात्री साडेदहानंतर, नाशिकची पोरं झोपली की. नेम असल्यास उत्तम, नसला तरी चालेल. "थँक्स"चं बटण कुठे असतं ते माहीत हवं. दुसरं बटण दाबणाऱ्यांनी कृपया येऊ नये. आम्हाला दिसतंय.